झटक्यानंतर मनाचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्धांगवायूचा झटका आल्यास साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठावे, हे आता बऱ्याच घरांत ठाऊक झाले आहे आणि त्यात वर्तमानपत्रांचा मोठा वाटा आहे. मात्र जीव वाचून घरी परतलेल्या रुग्णाच्या मनाचे पुढे काय होते, याची विचारपूस फारशी होत नाही. झटक्यातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येते, असे जगभरातील अभ्यास सांगतात. त्यामागे परावलंबित्वाचे दुःख तर असतेच, पण मेंदूला झालेली इजाही कारणीभूत असू शकते.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. पंजात बळ यावे म्हणून दिलेला रबरी चेंडू उशीपाशी तसाच पडलेला असतो, ताटातले अन्न अर्ध्यावर राहते, झोप पहाटे तीनलाच उडते आणि घरचे म्हणतात, "मनावरच घेत नाहीत हो, आळस भरलाय नुसता." व्यायामाला नकार देणे हेही आजाराचेच लक्षण असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. डिस्चार्ज कार्डावर बीपी, शुगर, रक्त पातळ ठेवणारी गोळी असे सगळे असते. मनाविषयी अवाक्षर नसते. फेरतपासणीत रुग्णाला हात उचलायला लावतात, बोटे दाबायला सांगतात आणि "आता कसे आहेत?" हा प्रश्न मात्र त्याच्यादेखत त्याच्या मुलाला विचारतात!

हे नैराश्य ओळखणे सोपे नाही, हे मान्य. मेंदूच्या इजेमुळे काहींना क्षुल्लक कारणाने रडू कोसळते, पण ते मनाने खचलेले असतीलच असे नाही. उलट ज्याची वाचा गेली आहे, तो आतून कितीही खचला तरी सांगणार कसा? अशांसाठी घरच्यांनी निरीक्षणावरून भरायच्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत.

सरसकट सर्वांना गोळी सुरू करणे हाही उपाय नव्हे. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फोकस' चाचणीत फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरील औषधामुळे नैराश्याचे प्रमाण घटले, पण रुग्णांच्या स्वावलंबनात फरक पडला नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. म्हणूनच औषधाची वा समुपदेशनाची गरज कोणाला आहे, हे आधी विचारून ठरवायला हवे.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. आशा सेविका तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आजारांचा धोका तपासणारा जो 'सीबॅक' अर्ज भरतात, त्यात कामातला रस कमी होणे आणि उदास वाटणे यांविषयीचे दोन प्रश्न आहेतच. झटका येऊन गेलेल्यांना ते पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी विचारावेत आणि 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर छापावा, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. रात्री उठून उठून रुग्णाची कूस बदलणाऱ्या त्याच्या पत्नीलाही तेच दोन प्रश्न विचारले जावेत.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा