रविवारच्या बैठकीबद्दल

सिगारेट-तंबाखू सोडणाऱ्या आपल्या गटातल्या सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला नेहमीच्याच ठिकाणी बसू. सोडल्यावर मध्येच पुन्हा सिगारेट ओढली म्हणून दोन-तीन जण यायचे थांबलेत. त्यांनी तर नक्की यावं, कोणीही हिशेब विचारणार नाही. बहुतेकांना एका प्रयत्नात जमत नाही, हे आपण सगळे अनुभवतोय.

ज्यांनी याच आठवड्यात सोडली आहे त्यांच्यासाठी: पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप उडते. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, चालायला जा, नाहीतर ग्रुपवर फक्त ‘तलफ’ एवढंच लिहा, कोणीतरी लगेच फोन करेल. चहाबरोबरची सिगारेट सुटत नसेल, तर काही दिवस टपरीच बदला.

निकोटिनचा च्युइंगगम साध्या गमसारखा सतत चघळू नका. झणझणलं की गालात धरून ठेवा. गम चघळण्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. हृदयविकार असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन: १८००-११-२३५६, मोफत. मिश्री-गुटख्यासाठीही चालते.

घरच्यांना सोबत आणलंत तर फार बरं होईल.