बिलाच्या मागचा डोंगर

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसरा मजला, रात्रपाळी, चष्म्याला निळी दोरी, एवढ्यावरून तुम्ही स्वतःला ओळखाल.

आईची पित्ताची पिशवी मंगळवारी सकाळी दुर्बिणीने काढली. चार भोकं, दोन दिवसांत घरी, असं आम्हाला सांगितलं होतं. गुरुवारी तिच्या अंगात कणकण, उजवा खांदा ठणकतोय, आणि संध्याकाळी मोबाइलवर रक्ताचा रिपोर्ट: सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, 88. नॉर्मल पाचच्या आत. आकडा ठळक काळा. दिवसपाळीच्या डॉक्टरांना विचारलं तर "राउंडला बोलू." राउंड झाला तेव्हा मी खाली पैसे भरायच्या रांगेत होतो. मग काउंटरवरच्या गृहस्थांनीच "इन्फेक्शन दिसतंय" असं निदान करून टाकलं. आतेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर थेट सेप्सिस, म्हणजे जिवावर बेतणारं इन्फेक्शन, गाठलं.

रात्री तुम्ही आलात. ताप, नाडी, बीपी पाहिलंत, पोट हलकेच दाबून पाहिलंत, डॉक्टरांना फोन लावलात. तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण तुम्ही स्टूल ओढून बसलात, माझ्या हातातलं मेडिकलचं बिल उलटं केलंत आणि त्यावर एक डोंगर काढलात.

"हा मंगळवार, पायथा. शरीराला जखम कळली की यकृताला निरोप जातो, ते सीआरपी बनवायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माथा. तुम्ही आज इथे." टिंब. "उद्यापासून उतरायला हवं. नाही उतरलं, पोट कडक झालं, नाडी पळायला लागली, तर मी सरांना झोपेतून उठवीन."

"पण भोकं तर एवढीशी," मी म्हणालो.

"ती कातडीवरची. आत पिशवी यकृतापासून सोडवावीच लागते ना?"

खांद्याचंही तुम्हीच सांगितलंत. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने छाती-पोटामधला पडदा चिडतो. त्याची नस मानेतून येते, म्हणून कळ खांद्यात. आईला वाटत होतं, ऑपरेशनच्या टेबलावर कुणीतरी हात पिरगळला!

माझ्या मावशीची पिशवी 1986 साली पोट फाडून काढली होती. दुर्बिणीचं हे ऑपरेशन भारतात आणलं डॉ. तेहेमटन उदवाडियांनी, 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे.त. मावशीला ते चार वर्षांनी चुकलं. तिचा डोंगर तुमच्या बिलावर मावला नसता. तिला तर तो कुणी काढूनही दाखवला नाही. आठवडाभर घरच्यांनी नुसती कुजबुज केली.

शुक्रवारी आकडा 52 आला. तुम्ही ड्युटी संपवून निघाला होतात, तरी दारातून डोकावून बोट खाली करून दाखवलंत, घसरगुंडीसारखं. आई ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली, आणि टाके ओढले म्हणून लगेच गप्प झाली.

त्या रात्री तुमचा डबा टेबलावर उघडा पडला होता, हे मला फार उशिरा दिसलं. आम्हाला औषधं वेळेवर मिळाली, बिलंही वेळेवर मिळाली. पण आमच्यासाठी जेवण थांबवून बसलेलं माणूस एकच.

मेडिक्लेमला सगळी मूळ बिलं लागतात. डोंगरवालं बिल 247 रुपयांचं आहे. आईने ते पर्समध्ये ठेवलंय आणि द्यायला तयार नाही.