पडद्यापलीकडून बाळाचे श्वास मोजणाऱ्यांचे आभार

आमची दहा महिन्यांची मुलगी तापाने फणफणली होती आणि बालरोगतज्ज्ञ कित्येक तासांच्या अंतरावर होते, त्या रात्री व्हिडिओ कॉलवरून तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचे आणि फोन धरून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेविकेचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. डॉक्टरांनी घाईने औषध सांगितले नाही. बाळ शांत झाल्यावर झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला सांगितले. चित्र मध्येच थांबत होते, म्हणून आरोग्यसेविका प्रत्येक श्वास मोठ्याने मोजत राहिल्या. आकडा 58 आला. या वयात मिनिटाला 50 किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले. श्वासागणिक छाती आत ओढली जात असल्याचे दिसताच, फोनवरून याहून अधिक करणे योग्य नाही, असे स्पष्ट सांगून त्यांनी आम्हाला रुग्णालयात पाठवले आणि तिथे आधीच कळवून ठेवले. आपली मर्यादा इतक्या प्रामाणिकपणे सांगणे आम्हाला फार मोलाचे वाटते. आम्ही पोहोचलो तेव्हा ऑक्सिजन तयार होता. मध्यरात्री गाडी काढणाऱ्या गृहस्थांचे नाव विचारायचेही राहून गेले. त्यांचेही आम्ही ऋणी आहोत.