चाविनचे तीर्थ आणि नशेचे शीर्षक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेरू देशातील चाविन दे वान्तार या प्राचीन तीर्थस्थानाविषयी आपल्या दैनिकात आलेली बातमी वाचली. ज्या संशोधनावर ती आधारलेली आहे ते खरे आहे आणि तपशीलही बहुतांशी बरोबर आहेत. मात्र तेथे येणारे सगळेच नशा करीत असा समज करून देणारा, शीर्षकात ठळकपणे आलेला ‘नशा’ हा शब्द आणि सोबत छापलेले माचू पिचूचे छायाचित्र या दोन्हींमुळे बातमीचा अर्थच पालटला आहे. माचू पिचू इंकांनी पंधराव्या शतकात बांधले, आणि चाविनच्या देवळाचे वैभव ओसरून तेव्हा जवळजवळ दोन हजार वर्षे झाली होती. छायाचित्राची चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल, पण शीर्षकाविषयी लिहिणे भाग आहे.

डॅनियल कॉन्ट्रेरास, जॉन रिक हे पुरातत्त्वज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात हाडांच्या आणि शिंपल्यांच्या २३ वस्तू तपासण्यात आल्या. त्यांतील काही नळ्या तपकीर ओढण्याच्या होत्या आणि त्यांत रानटी तंबाखूच्या निकोटीनचे, तसेच विल्का नावाच्या झाडाच्या भास निर्माण करणाऱ्या बियांचे अंश सापडले. आपल्या बातमीत येथवरचा भाग आला आहे. जे निसटले ते असे की, या वस्तू लहानशा, बंद दालनांत सापडल्या, जेथे एका वेळी मोजकीच माणसे बसू शकत. त्यावरून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष शीर्षकाच्या नेमका उलट आहे. हे सेवन सर्वांसाठी खुले नव्हते, तर निवडक लोकांपुरते राखलेले होते, आणि तेथे कोणाला प्रवेश मिळतो व कोणाला नाही यातूनच पुरोहितवर्गाचा अधिकार घडत गेला असावा, असे त्यांचे म्हणणे आहे. आषाढी वारीचे वर्णन करताना एखाद्या वारकऱ्याच्या चंचीतील तंबाखू शीर्षकात घ्यावी, तसेच काहीसे येथे झाले आहे.

चाविनला माणसे कशासाठी येत, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंतून बरेचसे मिळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१८० मीटर उंचीवर, मोस्ना आणि वाचेक्सा या नद्यांच्या संगमावर हे देऊळ उभे आहे. पश्चिमेला हिमशिखरांची रांग ओलांडली की समुद्रकिनाऱ्याकडे वाट उतरते, पूर्वेला अॅमेझॉनचे खोरे आहे. साधारणपणे इ.स.पू. १२०० ते ५०० या काळात येथे बांधकाम आणि उपासना चालू होती. पेरूचे पुरातत्त्वज्ञ लुईस लुम्ब्रेरास यांनी १९६०च्या दशकात उत्खनन केलेल्या एका दालनात नैवेद्याची शेकडो मातीची भांडी मिळाली आणि त्यांची घडण एका गावची नव्हे, तर वेगवेगळ्या दूरच्या प्रदेशांतली होती. पात्यांसाठी वापरलेला काचेसारखा ज्वालामुखीय दगड शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून आलेला आहे. जग्वार आणि मगर हे खालच्या उष्ण अरण्यातले प्राणी इथल्या थंड दरीतील शिल्पांवर कोरलेले दिसतात, तेही या दूरदूरच्या संबंधांमुळेच.

शंखांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बातमीत त्यांचा उल्लेखही नाही. २००१ साली जॉन रिक यांच्या चमूला एका दालनात २० शंख सापडले. तिकडे त्यांना पुतुतु म्हणतात. पेरूचा किनारा थंड प्रवाहाचा असल्यामुळे या जातीचे मोठे शंख तेथे मिळत नाहीत. ते एक्वादोरकडच्या उबदार समुद्रातून आणावे लागत. त्यांची टोके फुंकण्यासाठी कापलेली आहेत, कडेला खाच घेतलेली आहे, काहींवर कोरीव नक्षी आहे आणि पिढ्यान् पिढ्यांच्या हाताळणीने पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला आहे. हे शंख आजही वाजतात. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांनी तेथे केलेल्या प्रयोगांतून असे दिसते की, दालनांना वारा पुरवणारे झरोके शंखाचा नाद विशेष चांगला वाहून नेतात. देवळाच्या पोटात दगडी पाट खेळवलेले आहेत. पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहू लागले की आतल्या माणसाला गर्जना ऐकू येत असावी, असा लुम्ब्रेरास यांचा तर्क होता.

देवळाच्या आतल्या अरुंद, खिडक्या नसलेल्या वाटांच्या छेदावर लान्सोन ही सुमारे साडेचार मीटर उंचीची ग्रॅनाइटची मूर्ती आजही मूळ जागी उभी आहे. तोंडातून सुळे बाहेर आलेले, केसांच्या जागी साप, एक हात वर तर दुसरा खाली. तिच्यासमोर दोन-चार माणसांपेक्षा अधिक उभी राहू शकत नाहीत. बाहेरच्या वर्तुळाकार चौकात मात्र मोठा समुदाय मावत असे आणि त्या चौकाच्या भिंतीवर मिरवणुकीने चाललेल्या आकृत्या कोरलेल्या आहेत. गर्दी बाहेर, दर्शन मोजक्यांना आत, ही रचना मुद्दाम केलेली होती, असेच मला वाटते. अंधार, नाद, लांबच्या प्रवासाचा शीण आणि हातातला नैवेद्य या सर्वांनी मिळून यात्रेकरूचा अनुभव घडत असणार. त्यातून विल्काची तपकीर तेवढी वेगळी काढली की हाती काहीच लागत नाही.

या स्थानाचे महत्त्व स्पॅनिश लोकांच्या काळापर्यंत टिकून होते. वास्केस दे एस्पिनोसा या कार्मेलाइट नावाच्या ख्रिस्ती संघातील साधूने सतराव्या शतकाच्या आरंभी येथे दूरदूरहून लोक येत असल्याचे नोंदवताना चाविनची तुलना रोम आणि जेरुसलेमशी केली आहे. परधर्मीयांविषयी फारशी आपुलकी नसलेल्या माणसाला जे दिसले, ते आपल्या उपसंपादकांनाही दिसावे, एवढी अपेक्षा अवाजवी नसावी. पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांनी १९१९ मध्ये येथे संशोधन सुरू केले. १९४५ मध्ये डोंगरावरून आलेल्या चिखल-पाण्याच्या लोंढ्याखाली परिसर गाडला गेला आणि तेथे जमवलेली कितीतरी शिल्पे वाहून गेली. भिंतीतून पुढे आलेल्या दगडी मस्तकांपैकी मूळ जागी आज एकच उरले आहे. १९८५ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि येथून राजधानी लिमाला नेलेला, तेयो यांच्या नावाने ओळखला जाणारा कोरीव दगडी स्तंभ २००८ मध्ये चाविन गावातल्या नव्या संग्रहालयात परत आला.

म्हणून विनंती अशी की, छायाचित्राविषयीची दुरुस्ती छापावीच, आणि रविवारच्या पुरवणीत एखाद्या पुरातत्त्व अभ्यासकाकडून चाविनवर स्वतंत्र लेख लिहून घ्यावा. त्यात विल्काचा विषयही अवश्य यावा, पण नैवेद्याच्या भांड्यांनंतर आणि शंखांनंतर.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सांगली