सूचना : चतुर्थीपूर्वी प्लॉटमधले रान काढणे

सर्व सभासद आणि प्लॉटधारकांस नमस्कार,

पाऊस थोडा उघडला आहे. रिकाम्या प्लॉटांत रान कमरेएवढे वाढले असून वळणावर समोरून येणारी स्कूटर दिसत नाही. चतुर्थीला पाहुणे येण्याआधी, येत्या रविवारपर्यंत प्रत्येकाने आपली जागा आणि कुंपणाबाहेरचा गटाराकडचा पट्टा साफ करावा. परगावी किंवा परदेशी असलेल्यांनी माणूस लावावा. ग्रासकटरवाला रविवारी सकाळी ८ वाजता गेटपाशी येईल; हवा असल्यास सेक्रेटरींना शुक्रवारपर्यंत कळवा, पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

- गाजर गवत फुलण्याआधी मुळासकट उपटा. नुसते कापले तर पुन्हा फुटते. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.
- रानमोडी, घाणेरीच्या झुडपांत हात घालण्याआधी काठी आपटा. घोणस पानांत दिसत नाही.
- काढलेले रान जाळू नये, गटारात तर मुळीच टाकू नये. मागच्या भिंतीकडे रचा, टेम्पो सोमवारी नेईल.
- तणनाशक फवारू नये, बाजूलाच विहीर आहे.
- झाड तोडायचे असल्यास गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वनखात्याची परवानगी लागते. "वाटेत आले म्हणून तोडले" चालणार नाही.

मुदतीत साफ न झालेली जागा सोसायटी साफ करून घेईल व खर्च मेंटेनन्स बिलात लावेल. तरीही दाद न मिळाल्यास पंचायतीकडे लेखी तक्रार जाईल.

आणि हो, कुंपणावर कवंडाळाचा वेल चढला असेल तर तेवढा ठेवा. माटोळीला (गणपतीच्या वर टांगतो त्या फळा-पानांच्या सजावटीला) कवंडाळ लागते आणि बाजारात त्याला काय भाव पडतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

– व्यवस्थापन समिती