चिखलाचं वय

प्रिय सुमे,

तुझ्या शेवटच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याला दोन पावसाळे झाले. कारणं सांगत बसत नाही. मी बरी आहे, आईचा गुडघाही बरा आहे.

शिंपला सापडला, सुमे. अंटार्क्टिकाच्या समुद्रतळातून काढलेल्या आपल्या कोरमध्ये, चिखलाच्या त्या नळीतल्या हिरव्या थरात.

मार्चमध्ये नवा स्कॅन केला, त्यात एक पांढरा ठिपका दिसला. कोल्ड रूममध्ये तुझाच करडा स्वेटर घालून बसले आणि दाभणाच्या टोकाने गाळ बाजूला करत गेले. करंगळीच्या नखापेक्षा लहान, दोन्ही शिंपा अजून एकमेकींना धरून. म्हणजे कुठून वाहून आलेला नाही, तिथेच जगला आणि तिथेच मेला. मी ओरडले, पण ऐकायला कुणी नव्हतं.

काल त्याचं कार्बन-१४ वरून काढलेलं वय आलं. तिथल्या समुद्राचं पाणीच म्हातारं, जिवंत शिंपलाही बाराशे-तेराशे वर्षांचा निघतो. ते सगळं वजा केलं, तीनदा केलं. आपण चिखलावरून काढून छापलेल्या वयापेक्षा हा जवळजवळ तीन हजार वर्षांनी तरुण आहे.

आता तू अंगणात अनवाणी फेऱ्या मारत ‘सांगितलं होतं’ म्हणणार. म्हण. तू सांगितलंच होतंस, त्याच खोलीत: हे चिखलाचं वय नव्हे, हिमनदीने डोंगर घासून आणलेला जुना कार्बन त्यात मिसळलाय, शिंपला शोध. मी म्हणाले, मग काय तो सापडेपर्यंत हात जोडून बसू? तू म्हणालीस, “हो, बस.” त्यावरून आपण तीन आठवडे बोललो नाही, आणि तू निघालीस त्या दिवशी मी स्टेशनवरही आले नाही. ते मला आजही टोचतं. (बाप्याला हे कळलं तर पेढे वाटेल, तेही तुझ्या खर्चाने.)

पण काल रात्री झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. लार्सन-बी आठव, समुद्रावर तरंगणारं ते बर्फाचं छत. २००२ मध्ये पाच आठवड्यांत ३,२५० चौरस किलोमीटर बर्फाचा भुगा झाला. ‘असं पूर्वीही होत असेल’ म्हणणाऱ्यांना खालच्या गाळानेच उत्तर दिलं: दहा हजारांहून जास्त वर्षं तिथे डोक्यावर छत होतं. आणि उत्तरेला प्रिन्स गुस्ताव्हच्या सामुद्रधुनीत नेमकं उलट. तिथलं छत १९९५ मध्ये गेलं, पण पाच ते दोन हजार वर्षांपूर्वीही ते नव्हतं. लांबलांबच्या डोंगरांतले दगड तिथल्या गाळात पडलेत, हिमनगांनी आणून टाकलेले. वर छत असतं तर ते हिमनग तिथे शिरले असते कुठून? एक आपोआप उघडलं होतं, दुसरं आपल्या काळात पहिल्यांदा मोडलं. हा फरक सगळा वयांवर उभा आहे गं. वय चुकलं की निसर्गाचं आणि आपलं एकमेकांच्या खात्यात जातं. ही गल्लत मी माझ्या नावाने छापली.

आणि कशी छापली! आपला आकडा शेजारच्या कोरांशी जुळेना, म्हणून मी खोल, उबदार पाण्याने आपलं छत आधीच वितळवल्याची स्वतंत्र गोष्ट बांधली. चार वर्षं ठिकठिकाणी सांगितली. लोकांना आवडली. नवं वय प्रिन्स गुस्ताव्हच्या त्या उघड्या काळात अलगद जाऊन बसतं. त्या गोष्टीची कधी गरजच नव्हती. छत उघडलं, ऊन आत आलं, डायटम, ती सूक्ष्म शेवाळं, वाढली, मेली, तळाशी साचून हिरवा थर झाला, एवढंच. इतकं साधं मला का दिसलं नाही?

दुरुस्ती मी छापीन. जीव अडकलाय तो पोरीत. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच वयावर उभं आहे आणि नोव्हेंबरात तिला तो द्यायचाय. तिने एकदा विचारलंही होतं, मॅडम, चिखल चालेल ना? मी चालेल म्हणाले. तुझ्यावर चिडले होते तो राग तिच्या प्रश्नावर काढला, हे आत्ता लिहिताना कळतंय. आज ती दारातून हात हलवून गेली आणि मला वर बघवलं नाही.

तुझं काय? माणमध्ये पाऊस झाला का? विहिरींच्या पातळ्या अजून तूच मोजतेस ना? ओवी दहावीला असेल. तिला माझ्याकडून एक चांगलं पेन घे. दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?

कोरच्या नळीवर अजून तुझ्या हातचा बाण आहे आणि त्याखाली मराठीत ‘वर’. इथे कुणालाच तो वाचता येत नाही, पण नळी कुणी कधी उलटी ठेवली नाही. दुरुस्तीवर तुझं नाव हवंय मला. नाही म्हणायचं असेल तर फोन करून म्हण.

पोस्टाची वाट बघवणार नाही, म्हणून पानांचे फोटो आजच पाठवतेय. उद्या सकाळी दहाला पोरीला बोलावलंय. तुमच्याकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील.

तुझी,
अंजी

ता.क. स्वेटरची कोपरं फाटलीत. मी रफू केलीत.