25 एकराला अर्धा किलो माती: कृषिमंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. कृषिमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातली शेतकरी. साडेचार एकर रान, सगळं कोरडवाहू. मालक पुण्याला कंपनीत आहेत, सासरे थकलेत, त्यामुळं गेली अकरा वर्षं पेरणीपासून राशीपर्यंत मीच बघते. सोयाबीन, त्यात तूर, अन् खालच्या वावरात रब्बीची ज्वारी. कर्जमाफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये. खताबद्दल अन् मातीबद्दल बोलायचंय, आणि ते जरा सविस्तर बोलावं लागेल कारण दोन ओळीत सांगितलं की "तालुक्याला भेटा" एवढंच उत्तर येतं.

आमचं रान उताराचं आहे. वरचं दीड एकर म्हणजे बरड, वीतभर खाली गेलं की मुरूम लागतो. मधला पट्टा मध्यम, अन् खालचं ओढ्याकडंचं दीड एकर भारी काळं, तिथं पहार सुद्धा लवकर तळाला लागत नाही. एकाच गटात, एकाच 7/12 वर तीन प्रकारची जमीन. बालाघाट डोंगराच्या अंगाला ज्यांची शेती आहे त्या सगळ्यांचं थोड्याफार फरकानं असंच आहे.

सासऱ्यांच्या नावानं मृदा आरोग्य कार्ड, म्हणजे माती तपासणीचे आकडे लिहिलेलं सरकारी कार्ड, आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. नीट वाचलं. सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब म्हणजे मातीचा कस मध्यम, जस्त पुरेसं. मला पटेना, कारण वरच्या रानात सोयाबीन गुडघ्याच्या वर कधी जातच नाही, तिथं सेंद्रिय कर्ब मध्यम कसा असेल. मग चौकशी केली तर कळलं नमुना आमच्या रानातला नव्हताच, खालच्या शिवारात ओढ्याजवळच्या एका वावरातून घेतला होता आणि तेच आकडे आजूबाजूच्या सगळ्यांच्या कार्डावर छापून आले. गावातल्या पाच-सहा जणांची कार्डं शेजारी ठेवून बघितली, सगळ्यांचे आकडे सेम.

आधी मला वाटलं कुणीतरी कामचुकारपणा केला. पण साहेब, नियमच तसा होता. 2015 ला ही योजना सुरू झाली तेव्हा ठरलं की बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना घ्यायचा अन् कोरडवाहू भागात 10 हेक्टरला एक. म्हणजे बागायतीला सव्वासहा एकरात एक, अन् आम्हाला जवळपास 25 एकरात एक. आता तुम्हीच सांगा, कॅनॉलखालची सपाट जमीन जास्त बदलते का डोंगरउताराची? जिथं पन्नास पावलांवर माती बदलते तिथंच नमुने चौपट कमी. 25 एकरात आमच्याकडं आठ-दहा खातेदार बसतात, बरड, मध्यम, भारी सगळं त्यात येतं, आणि त्या सगळ्यांच्या वतीनं अर्धा किलो माती लॅबला जाते.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या खर्चानं वरच्या आणि खालच्या रानाची माती वेगवेगळी तपासून घेतली. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल, सात-आठ ठिकाणची माती एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत करत अर्धा किलो उरेपर्यंत, सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. वरच्या रानाचा सेंद्रिय कर्ब आला 0.31 टक्के, खालच्याचा 0.58. वर जस्त कमी, गंधक कमी, चुनखडी जास्त. ओढ्याजवळच्या मातीवरनं मी वरच्या रानाचं खत ठरवत होते, किती वर्षं कोण जाणे.

आणि कार्डावर बारा गोष्टी लिहितात, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त (झिंक), लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, क्षारता अन् सेंद्रिय कर्ब, पण जमीन किती खोल आहे हे त्यात कुठंच नाही. कोरडवाहूत सगळा खेळ त्याच्यावर आहे हो. जितकी खोल माती तितकी ओल टिकते, अन् ओल असेल तरच पीक खत उचलतं. हे मी माझ्या मनानं सांगत नाहीये. आपल्याच राहुरीच्या विद्यापीठाची कोरडवाहू रब्बी ज्वारीची शिफारस बघा, हलक्या जमिनीत हेक्टरी 25 किलो नत्र, मध्यम जमिनीत 40 नत्र 20 स्फुरद, भारीत 60 नत्र 30 स्फुरद, अन् वाण सुद्धा जमिनीप्रमाणं वेगळे, हलक्याला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. म्हणजे शास्त्रज्ञांनी खोलीप्रमाणं हिशोब करून ठेवलाय. तो कार्डावर उतरत नाही अन् दुकानात तर नाहीच नाही. दुकानात एकच प्रश्न असतो, "किती एकर?"

खत ठरतं पण दुकानातच, ही खरी गोष्ट आहे. आमच्याकडं सोयाबीनला एकरी एक पोतं डीएपी खत ही रीतच पडलीय. एका पोत्यात 23 किलो स्फुरद अन् 9 किलो नत्र मिळतं, पण गंधक शून्य. सोयाबीन तेलबियाचं पीक, त्याला हेक्टरी 20 किलो गंधक द्या म्हणून शिफारस आहे. तेवढंच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचं तर एकरी तीन पोती लागतात आणि त्यात साधारण 16 किलो गंधक आपोआप येतं, नत्रासाठी थोडा युरिया जोडला की झालं. हे मला कळलं तेव्हापासून मी सुपर फॉस्फेट शोधते, पण जूनमध्ये मृग बरसला, वापसा आला म्हणजे रान पेरणीजोगं झालं की ते दुकानात नसतं, किंवा असलं तर सोबत कुठलीतरी बाटली घ्या म्हणतात. लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल गळ्यात मारणं, बंद आहे असं दरवर्षी पेपरात वाचते. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी मागच्या हंगामात मला युरियाच्या दोन पोत्यांवर एक बाटली घ्यावीच लागली, 266 रुपये 50 पैशाचं पोतं मला कितीला पडलं ते हिशोबाच्या वहीत लिहिलेलं आहे. पेरणी तोंडावर असताना बाई माणूस दुकानदाराशी किती भांडणार, अन् भांडून ओल थोडीच थांबते.

आता युरियाबद्दल. सोयाबीन 25-30 दिवसाचं झालं की वरची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गावात सगळे म्हणतात युरिया कमी पडला, अन् एकरी अर्धं पोतं फेकतात. मी पण फेकायचे. खरं तर ती बऱ्याचदा लोहाची कमतरता असते, चुनखडीच्या जमिनीत पाऊस जास्त होऊन पाणी साचलं की लोह पिकाला मिळत नाही, त्याला फेरस सल्फेटची फवारणी लागते. तीन वर्षांपूर्वी मी मुद्दाम पिकाच्या चार ओळी (तासं) वरचा युरिया न टाकता सोडली. काही फरक नाही. झाडं उपटून बघितली तर मुळांवर गाठी, नखानं फोडली की आत गुलाबी, म्हणजे पीक स्वतःच हवेतलं नत्र घेत होतं. ह्या गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, रायझोबियमचं, पाकीट बियाण्याला चोळायला दहा मिनिटं लागतात. पण हे सांगायला बांधावर कोण येतं? आमच्या कृषी सहायकांकडं इतकी गावं आहेत अन् इतके ऑनलाइन फॉर्म आहेत की त्यांना दोष देववत नाही.

ऑगस्ट 2023 तुम्हाला आठवत असेल. 1901 पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्याच्या आधी जुलैत चांगला पाऊस झाला म्हणून लोकांनी युरियाचा दुसरा हप्ता टाकून घेतला होता, काहींनी तर कोरड्यातच टाकला, पाऊस येईल या आशेनं. आमच्या चुनखडीच्या मातीत वर पडलेला युरिया पावसानं आत मुरला नाही की अमोनिया होऊन हवेत जातो. पैसे उडाले, पीक वाळलं. बागायतदाराला खत टाकून पाणी देता येतं, आम्हाला आभाळाकडं बघून टाकावं लागतं, म्हणून आमची शिफारस पावसाबरोबर बदलली पाहिजे. पेरणीला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या असा मेसेज येतो तो चांगला आहे, मी पाळते. तसाच मेसेज खताचा का येत नाही? तुमच्या महसूल मंडळात अमुक दिवस पावसाचा खंड आहे, उभ्या पिकाला द्यायचं वरखत थांबवा, एवढं जरी आलं तरी कितीतरी पोती वाचतील. मंडळनिहाय पावसाची आकडेवारी सरकारकडं रोज असते.

सगळ्यात मनाला लागणारी गोष्ट शेणखताची. मी लग्न होऊन आले तेव्हा दावणीला सहा जनावरं होती, आता एक म्हैस. ट्रॅक्टर आला, बैल गेले, उकिरडा गेला. पूर्वी धनगरांचे कळप यायचे, रानात मेंढ्या बसवायच्या, चार रात्री बसल्या की दोन-तीन वर्षं त्या वावराचा रंग वेगळा दिसायचा. धान्य देऊन व्हायचं ते काम, आता रोख लागतात अन् कळपही कमी झाले. आमचं सोयाबीनचं भुसकट मळणीनंतर कितीतरी जण पेटवून देतात. हे सगळं मातीत जायला पाहिजे. काडीकचरा कुजवून खत करायची नाडेपची टाकी ही पद्धतच आपल्या पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांची, रोजगार हमीतून ती बांधूनही मिळते. पण आमच्या गावात ज्या टाक्या झाल्या त्यातल्या बऱ्याच रिकाम्या आहेत कारण बांधकामाचं बिल निघतं, भरण्याच्या मजुरीचा विचार कुणी केलेला नाही. केंद्रानं 2023 ला आणलेल्या पीएम प्रणाम योजनेत रासायनिक खत कमी वापरून राज्यानं जेवढी सबसिडी वाचवली त्यातली निम्मी राज्याला परत मिळणार असं ठरलं होतं. तो पैसा मिळाला तर पहिला हक्क कोरडवाहूचा धरा. टाकी भरायची मजुरी द्या, मेंढ्या बसवायला एकरी काही मदत द्या, बी अन् खत एकदम पेरणारी दोन चाड्याची पाभर गावात भाड्यानं मिळू द्या म्हणजे खत फेकण्याऐवजी बियाच्या खाली ओलीत पडेल.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आमच्या वरच्या रानाची माती खरडून गेली. पंचनामा झाला, खरडलेल्या जमिनीला मदत जाहीर झाली त्याबद्दल सरकारचे आभार. पण साहेब, मी दोन वर्षांपूर्वी जी माती तपासली ती आता मांजरा नदीत आहे. आता तिथं जे उरलंय त्याला किती खत द्यायचं हे मला माहीत नाही अन् जुनं कार्ड बघून ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. पुरात खरडलेल्या रानांचे तरी नमुने गटनिहाय, उतारनिहाय घ्या. 10 हेक्टरचा नियम केंद्राचा आहे हे मला माहितेय, तो बदलायला तुम्ही दिल्लीत जोर लावा, तोपर्यंत राज्याला स्वतःच्या पैशानं जास्त नमुने घ्यायला कुणी अडवलेलं नसावं. नमुना उन्हाळ्यात घ्या, रिपोर्ट मे संपायच्या आत द्या, कार्डावर जमिनीची खोली लिहा, अन् शिफारस पोत्यात लिहा, सुपर फॉस्फेट किती, युरिया किती, झिंक सल्फेट किती, म्हणजे दुकानात दाखवता येईल.

मी या वर्षीची माती काढून सावलीत वाळवून दोन कापडी पिशव्यांत भरून ठेवलीय, एक वरची, एक खालची, चिठ्ठी आत टाकून. कुठं आणून द्यायची तेवढं कळवा.

आपली,
एक कोरडवाहू शेतकरी
ता. कळंब, जि. धाराशिव